तुरीच्या डाळीएवढी माया

एका गावात एक आत्या होती, आणि तूप वाढताना तिचा हात काही थांबत नसे. मथुराआत्या तिचं नाव. तिच्या खानावळीत भात शोधायला तुपात बुडी मारावी लागे. एकदा तर एका पाहुण्याचं ताट तुपावरून घसरत शेजारच्या गावात गेलं. पाहुणा मागोमाग गेला आणि तिथे जेवला. मी सांगतोय म्हणजे खरंच असणार.

आत्याला एकच भाऊ, तोही परदेशात. त्याला मुलगा झाला. रविवारी बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या इथे! तिचा फोन बटणांचा, त्यावर बाळ दिसणार नाही, म्हणून नाव खानावळीतल्या जुन्या कॉम्प्युटरवरून सांगायचं ठरलं. पण तो पाच मिनिटांत तापून बंद पडे.

आत्याने इस्माईलला बोलावलं. त्याचे आजोबा भांड्यांना कल्हई लावत, हा कॉम्प्युटर दुरुस्त करी. त्याने पेटी उघडली.

"आत्या, हा प्रोसेसर, म्हणजे याचा मेंदू. त्याची उष्णता वरचा हा तांब्याचा ठोकळा ओढून घेतो. दोघांमधली उष्णता पोचवणारी पेस्ट वाळलीय, बाकी काही नाही."

त्याने जुनी पेस्ट पुसली, नळीतून तुरीच्या डाळीएवढा ठिपका लावला, ठोकळा घट्ट बसवला आणि "संध्याकाळी येऊन बघतो," म्हणत नळी तिथेच ठेवून गेला.

आत्याचा जीव हळहळला. "एवढंसंच? बिचाऱ्याचं डोकं तापलंय, आणि हा चिंगूस बोटभरसुद्धा लावत नाही!"

तिने स्क्रू काढले आणि नळी मायेने पिळली. लेप दबू नये म्हणून स्क्रूही सैलच ठेवले. मग कॉम्प्युटरवरून भावाला फोन लावला. पडद्यावर भाऊ दिसला, "अक्का" मधलं "अ" म्हणाला आणि पडदा काळा झाला. पेटी इतकी तापली, की वर वाळत घातलेले पापड भाजून निघाले. मी दोन खाल्ले.

संध्याकाळी इस्माईलने आत पाहिलं. "आत्या, हे काय? श्रीखंड वाढलंय की काय!"

"मेल्या, हसू नकोस. उद्या बारसं आहे. माझं बाळ बिननावाचं राहील रे!" आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

इस्माईलचं हसू थांबलं. त्याने सगळं पुसून काढलं. "आजोबा म्हणायचे, कल्हईचा थर दिसेल न दिसेल असाच हवा. जाड थर भांड्याला नुसतं ओझं. इथे तर जाड लेप उष्णताच अडवतो. आता तुम्हीच लावा."

नळीत शेवटचा थेंबच उरला होता. आत्याने श्वास रोखला, डाळीएवढा ठिपका टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा हात स्वतःच मागे घेतला. इस्माईलने स्क्रू आवळले.

रविवारी कॉम्प्युटर दोन तास थंडगार चालला. वहिनीने हेडफोन बाळाच्या कानाशी धरला. आत्या इकडून म्हणाली, "कुर्रर्र... शार्दूल!" बाळाने जांभई दिली. आत्याला ती हुंकारासारखी वाटली.

दुपारी इस्माईल जेवायला बसला. तुपाच्या चौथ्या चमच्याला त्याने भातावर हात आडवा धरला. "बास, आत्या! डाळीएवढंच."

"हात काढ. तो प्रोसेसर होता. तू सकाळपासून उपाशी आहेस." आत्याने पाचवा चमचा ओतला.

तात्पर्य: माया मनात कितीही असू द्यावी, पण देताना ज्याला द्यायची त्याला जेवढी लागते, तेवढीच द्यावी. इस्माईलला पाच चमचे लागतात.