भिवराईचा शेवगा

आपल्या आज्याचा आजा रांगत होता, तेव्हाची ही गोष्ट. माळवंडी गावात दिवस मावळला की माणसांना दिसेनासं व्हायचं. सकाळी पुन्हा लख्ख. असं म्हणतात, एकानं तिन्हीसांजेला रेडकालाच मामा समजून वाकून नमस्कार केला.

त्या गावात भिवरा आणि तिचा धाकटा भाऊ गेनबा राहायचे. आईबाप नव्हते. गेनबाचं लग्न ठरलं आणि मुहूर्त निघाला नेमका गोरज! नवरीचा बाप म्हणाला, "यानं माळ माझ्याच गळ्यात घातली तर? दिसलं तर पोरगी देईन, नाहीतर वरात माघारी."

गेनबा रडायला लागला. भिवरा म्हणाली, "डोळे नको रे घालवू, लागणार आहेत."

तेवढ्यात तिची शेळी अंधारातून, बाभळीचे काटे चुकवत नीट घरी आली. भिवरानं तिचं अंग चाचपलं, एक ओरखडा नाही. शेळी खाते काय? शेवग्याचा पाला!

"शेंगा आपण खायच्या, पाला हिला टाकायचा. मग दिसणार कुणाला?"

त्या दिवसापासून ती पाला तेलात परतून भावाला रोज खाऊ घालू लागली. गाव हसलं, "भिवरे, भावाला आता दावणीला बांध!"

गेनबाही कुरकुरला, "ताई, उद्या मी बें बें करीन."

"कर. पण दिसलं की कर."

आणि एका तिन्हीसांजेला गेनबा म्हणाला, "ताई, तुझ्या केसात पान अडकलंय." मग अंगणात उड्या मारत तो बें बें करत सुटला. असं म्हणतात, पुढं त्याला पलीकडच्या डोंगरावरची मुंगीसुद्धा दिसायची.

लग्नात नवरीच्या बापानं मुद्दाम अंतरपाटामागं नवरीऐवजी तिच्या आत्याबाईला उभं केलं. अंतरपाट दूर झाला. गेनबा म्हणाला, "आत्याबाई, नमस्कार करतो. नवरी त्या खांबाआड हसतेय." मांडव हसून हसून हलला म्हणतात.

मग गावानं पाला मागितला. भिवरानं शेवग्याच्या फांद्या तोडून दारोदार रोवल्या आणि सगळ्या जगल्या. गावाची भिवराई झाली ती. म्हातारपणी एका तिन्हीसांजेला ती हातात फांदी घेऊन माळावर गेली, ती परत आली नाही. तिथं शेवगा उभा होता. असं म्हणतात.

आजही माळवंडीत नवरदेवाला पहिला घास त्याच पाल्याचा. तो बहीणच भरवते आणि विचारते, "दिसतंय का रे?"

ज्याची बहीण राहिली नाही, त्यानं माळावरच्या शेवग्याखाली जायचं. वारा नसला तरी केसात एक पान पडतंच. मग त्यानं मोठ्यानं, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायचं, "दिसतंय, ताई!"