कोरडं पेन

"मग टाकू ना, अक्का?"

विद्याधर पांगारकर गोदावरीच्या घाटाच्या वरच्या पायरीवर उभा होता. हातात काळी लाकडी पेटी.

मठाच्या ओट्यावर तुळसाक्का तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय टाकतोस?"

"पेनं."

"कुठं?"

"गंगेत. सगळीच्या सगळी."

"कशापायी?"

विद्याधर गोंधळला. अक्का शाबासकी देतील, निदान 'आलास एकदाचा ताळ्यावर' असं तरी म्हणतील, अशी त्याची अटकळ होती. 'कशापायी' हा शब्द त्याने हिशेबात धरलाच नव्हता.

विद्याधर वाळूजच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. कामासाठी जपानला जाणं-येणं असायचं. तिथेच कधीतरी त्याला हा नाद लागला. शाईची पेनं, अंगावर लाखेसारखा लेप चढवलेली, त्यावर सोन्याच्या भुकटीची चित्रं. दर फेरीला एखादं यायचं आणि घरी काचेच्या कपाटात जाऊन बसायचं. एकातही कधी शाई भरली गेली नव्हती.

अक्कांकडे तो आईच्या मागोमाग यायला लागला. आई गेली, तरी त्याचं येणं चालू राहिलं. प्रवरासंगमचा हा मठ लहानसाच. गुरूंच्या माघारी गादी अक्कांकडे आली. त्या फार बोलत नसत, तरी माणसं येत आणि नुसती बसून जात. विद्याधर स्वतःला त्यांचा जुना शिष्य म्हणवून घेई. अक्का त्याला काय समजत, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

"मोह सोडायचाय, अक्का. पक्कं ठरवलंय. मित्रांनाही सांगून आलोय."

"सांगून आलास?"

"हो."

"बरं केलंस."

हे कौतुक होतं की आणखी काही, ते त्याला कळेना.

"आण इकडं," अक्का म्हणाल्या. "बुडायच्या आधी बघू तरी दे."

त्यांनी पदराला हात पुसले. विद्याधरने पेटी ओट्यावर ठेवून उघडली. आत मऊ कापडाच्या खोबणींत पेनं निजली होती.

अक्कांनी एक उचललं. काळंभोर, त्यावर उडता बगळा.

"हा काळा रंग कसला रे?"

"झाडाचा चीक असतो. जपानीत उरुशी म्हणतात. एक थर द्यायचा, वाळला की घासायचा, मग त्यावर दुसरा. महिनेच्या महिने चालतं ते."

"उन्हात वाळवतात?"

"उन्हात नाही वाळत तो. दमट कपाटात ठेवतात. ओलाव्यातच सुकतो."

अक्का थांबल्या.

"परत सांग."

"ओलाव्यात... सुकतो."

अक्कांनी पेन हुंगलं. गालाला लावलं. मग हसल्या. दात गेलेलं, मोकळं हसू.

"गार लागत नाही. माणसासारखं लागतं."

"हो!" विद्याधर एकदम पुढे सरकला. "तेच तर, अक्का! धातूचं पेन कसं गार पडतं. हे नाही पडत. हातात धरलं की..."

तो थबकला. मोह सोडायला आलेल्या माणसाने असं बोलावं का?

अक्का मात्र रमल्या होत्या. बांबूच्या बेटावरचा चंद्र पाहिला. लाल पानांची डहाळी पाहिली. एक पेन उन्हात फिरवून त्यातले शिंपल्याचे कण चमकवले. 'माया आहे बाबा सगळी' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. विद्याधर वाट पाहत होता.

शेवटचं पेन अंगठ्याएवढं जाड होतं. त्यावर सोन्याचा मासा, धबधबा चढून जाणारा. एकेक खवला वेगळा.

"आणि हे?"

"हे सगळ्यात..."

"सगळ्यात काय?"

"काही नाही. हेही टाकायचंच आहे."

"लिहून दाखव याने."

"यात शाई नाही, अक्का."

"मग भर."

"नाही भरलेली कधी. एकदा शाई गेली की ते..."

"काय होतं?"

"...वापरलेलं होतं."

अक्कांनी मान डोलावली, जणू हे अगदी रास्त होतं. मासा परत खोबणीत ठेवला आणि पुन्हा शेंगा ओढून घेतल्या.

"ऋता बरी आहे?"

ऋता म्हणजे विद्याधरची मुलगी. तिचं लग्न दिवाळीआधीच झालं होतं. नोंदणी पद्धतीने, घरच्या चार माणसांत.

"बरी आहे," विद्याधर म्हणाला. आणि मग न विचारताच बोलू लागला.

"मला एक कळत नाही, अक्का. सह्या करायची वेळ आली. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, 'बाबा, तुमच्या माशाच्या पेनाने सही करू द्या.' ते माझ्या खिशात होतं. मुद्दाम नेलं होतं मी... चांगला दिवस म्हणून."

"मग?"

"मी तिला समजावलं. म्हटलं, हे कोरं आहे बाळा, दुसरं देतो. आणि दिलं की! उत्तम जर्मन पेन, लोण्यासारखं चालतं. शाई भरून तयार ठेवलं होतं. काय चुकलं माझं?"

अक्का शेंगा सोलत राहिल्या.

"तिने ते घेतलं नाही. टेबलावर सुतळीला बांधलेलं बॉलपेन होतं, त्याने सही केली. हसत केली. रागावली नाही, रडली नाही. अजूनही फोन करते. तब्येत विचारते, जेवलात का विचारते... परक्या माणसाला विचारावं तसं."

तो पेटीकडे बघत होता.

"तेव्हापासून कपाट उघडवत नाही. वाटलं, या पेनांचाच दोष. ही गेली की सुटलो."

अक्कांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"मग टाक," अक्का म्हणाल्या.

"टाकू?"

"तूच म्हणालास ना?"

"हो, पण... तुम्ही काही सांगणार नाही?"

"टाक म्हणाले की."

काठी टेकत अक्का त्याच्या मागोमाग घाट उतरल्या. जायकवाडी धरणाच्या फुगवट्याचं पाणी पायऱ्यांवर चढून आलं होतं. खालच्या पायऱ्या पाण्यात दिसत होत्या, शेवाळलेल्या. पाणी संथ होतं. वारा मात्र पैलतीराकडे वाहत होता.

विद्याधरने पेटीतून लाल पानांचं पेन काढलं.

"ते नको," अक्का म्हणाल्या. "मासा."

"तो शेवटी टाकतो ना."

"बरं, शेवटी टाक."

त्या पायरीवर बसल्या. त्यांना काही घाई नव्हती. विद्याधर लाल पानांचं पेन हातात घेऊन उभा राहिला... मग त्याने ते परत ठेवलं आणि मासा उचलला. ओठ घट्ट मिटले. डोळेही मिटले. आणि पेन फेकलं.

डुबुक्.

त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. आता हलकं वाटेल, असं त्याला वाटत होतं.

"अरे, बघ तर," अक्का म्हणाल्या.

त्याने पाहिलं.

पेन बुडालं नव्हतं. पायऱ्यांपासून थोड्या अंतरावर, आडवं, डुलत होतं. मासा उन्हात लखलखत होता.

"हे... हे बुडत का नाही?"

"मला काय ठाऊक? पेन तुझं."

"आत हवा असणार. शाई नाही ना आत... टोपण घट्ट आहे..." तो स्वतःशीच पुटपुटत होता. "म्हणजे हे बुडणारच नाही. हे असंच जात राहणार."

वाऱ्याने पेन पुढे सरकलं. हातभर. मग आणखी.

"जाऊ दे," विद्याधर म्हणाला. "टाकलं ते टाकलं."

पेन सरकत राहिलं.

"कोणाला तरी सापडेल. चांगलंच आहे. कोणीतरी वापरेल..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. तो बुटांसकट पाण्यात उतरला होता.

एक पायरी, दुसरी पायरी. पाणी कमरेला आलं. त्याने हात लांबवला, बोटांचा धक्का लागून पेन पुढे गेलं. त्याने आणखी एक पाऊल टाकलं. तिथे पायरी नव्हती.

विद्याधर दिसेनासा झाला.

मग त्याचं डोकं वर आलं, पुन्हा खाली गेलं, पुन्हा आलं. एका हाताच्या मुठीत पेन होतं. दुसरा हात पाणी बडवत होता. पोहायला त्याला येत नव्हतं.

अक्का केव्हाच उठल्या होत्या. लुगडं भिजवत त्या पाण्यातल्या पायरीपर्यंत गेल्या, एका हाताने घाटाची लोखंडी कडी धरली आणि दुसऱ्या हाताने काठी पुढे केली.

"धर!"

त्याने एका हाताने काठी पकडली. ओला हात निसटला.

"दोन्ही हातांनी धर, मेल्या!"

त्याने अक्कांकडे पाहिलं. मग मुठीकडे. पाणी नाकातोंडात जात होतं. अक्का ओरडत होत्या. आणि विद्याधर पांगारकरने, ज्याने त्या पेनाला कधी शाईचा थेंबही लागू दिला नव्हता, ते पेन तोंडात आडवं धरलं आणि दात रोवले.

दोन्ही हातांनी त्याने काठी धरली. अक्कांनी ओढलं. पाय पायरीला लागले.

तो वर येऊन कोसळला. खोकला, पाणी ओकला, खूप वेळ धापा टाकत राहिला. कुठे आहोत हे समजल्यावर तोंडातलं पेन काढून त्याने तळहातावर घेतलं.

माशाच्या पोटावर दातांचे व्रण उमटले होते. खोल. काही खवले उडून गेले होते. थरावर थर चढवलेलं ते काळं अंग एका जागी चिरलं होतं.

त्याने बोट फिरवून पाहिलं. आता रडू येईल, म्हणून तो थांबला.

काहीच आलं नाही.

"अक्का..."

"हं."

"मला वाईट का वाटत नाही?"

"मला काय विचारतोस?" अक्का लुगड्याचा काठ पिळत होत्या.

"मी हे टाकायला आलो होतो ना?"

"हो."

"मग त्याच्या मागे का गेलो?"

"तू गेलास. मी कुठं गेले?"

"मला पोहता येत नाही, अक्का."

"दिसलं ते."

विद्याधर हसला. मग ते हसू अर्ध्यावरच राहिलं. केसांतून पाणी निथळत होतं. मित्रांना काय सांगायचं, तो विचार मनात येऊन गेला. पण कोणत्या मित्रांना आणि कशाबद्दल, हेच त्याला नीट आठवेना.

"म्हणजे मी हरलो. मोह काही सुटला नाही."

"शर्यत कोणाशी होती?"

त्याने पाण्याकडे पाहिलं. वारा पडला होता. पाण्यावर आता काहीच नव्हतं.

मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. तो सावरून बसला.

"अक्का, हे मी ऋताला देतो. आजच. शाई भरूनच देतो. म्हणजे झालं, नाही का?"

"तिची सही झाली ना?"

"झाली."

"मग?"

विद्याधरने पेनावरचं पाणी झटकलं.

त्याने पेटी ओढून घेतली. बगळा, चंद्र, लाल पानं, सगळं जागच्या जागी निर्मळ होतं. माशाची खोबण रिकामी होती. त्याने पेन तिथे ठेवलं. ओलं पेन, कापडावर डाग पसरला. त्याने ते लगेच उचललं. पुसायला रुमाल काढला, तोही ओलाच. शेवटी त्याने ते पेन तसंच सदऱ्याच्या खिशात टाकलं, घरून निघताना आपण बाजारातलं साधं पेन टाकतो तसं, आणि पेटी मिटली.

अक्का बघत होत्या.

"विद्याधर..."

"जी?"

"ते पेन कोणाचं?"

त्याने खिशाकडे पाहिलं. इतका सोपा प्रश्न अक्कांनी त्याला आजवर विचारला नव्हता.

"माझं."

अक्कांनी काठी उचलली. ओल्या पायऱ्या सावकाश चढून गेल्या. ओट्याशी पोचून मागे वळल्या.

"आणि सकाळी कोणाचं होतं?"