लांब नाकाचा ट्रक

घाटाला बोगदा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. शिदूअण्णांकडे लांब नाकाचा एक जुना ट्रक होता. त्याचं इंजिन चांगलं कपाटाएवढं. रोज सकाळी अण्णा ते सुरू करायचे आणि गरम होईपर्यंत चहा पीत त्याची धडधड कौतुकानं ऐकत बसायचे.

शेजारचा नवाकोरा ट्रक हसायचा. "आजोबा, तुमचं खोकून होईस्तोवर मी घाटमाथ्यावर असतो!"

"अस की बाबा. उतरताना तेवढा गिअर सोडू नकोस."

"उतारावर गिअर कशाला? न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं!" नव्याच्या ड्रायव्हरचंही तेच मत होतं.

एकदा दोघंही साखरेची पोती भरून निघाले. नवा आधी पोचला आणि माथ्यावरच्या देवीपाशी ऐटीत थांबला. म्हातारा मागून आला, आणि ज्या गिअरवर चढला त्याच गिअरवर घुरघुरत उतरू लागला. थोड्या वेळानं नवा न्यूट्रलमध्ये सुटला. तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबून दाबून तापले आणि त्याच्या चाकांतून धूर निघाला.

"आजोबा, बाजूला व्हा! ब्रेक लागत नाहीत!"

"बाजूला झालो तर तू दरीत जाशील. टेक माझ्या पाठीला."

धाडकन आवाज झाला. अण्णांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. ते कपाटाएवढं इंजिन गरजलं आणि दोघांचा भार पेलत पायथ्यापर्यंत माणसाच्या चालीनं उतरलं.

पुढच्या खेपेला अण्णांनी इंजिन सुरू केलं आणि चहा घेतला. नवा ट्रकही ब्रेक दुरुस्त होऊन, माल भरून शेजारी तयार उभा होता.

"निघ की रे," म्हातारा म्हणाला.

"निघू की," नवा म्हणाला, "तुमचं खोकून होऊ द्या."