शाळेमागचा ढिगारा

धडक्या विटा फेकून देता आणि मुलींना झुडपांमागे पाठवता, सरकारी साहेबांनो, लाज कशी वाटत नाही?

कोळवणवाडीच्या शाळेची जुनी इमारत पाडली, तेव्हा कनिष्ठ अभियंता रेवती मुळूक म्हणाली, "या विटांचं मुलींसाठी स्वच्छतागृह बांधू."

तिचे वरिष्ठ दाभाडकर साहेब हसले. "सरकारी कामात जुनी वीट? मागे ढिगारा घाला." तसा लेखी आदेशच त्यांनी दिला.

महिनाभर रेवती एकटीच विटांचा चुना खरवडत बसली. गवंडी तिला हसत. चहालाही कोणी हाक मारत नसे. मग त्या रचायलाही ती एकटीच लागली.

तपासणीला आलेले साहेब जमलेल्या मुलींदेखत कडाडले, "हे काय?"

"ढिगारा, साहेब. तुमच्या आदेशाप्रमाणे."

"ढिगाऱ्याला भिंती?"

"घसरून मुलांच्या अंगावर पडू नये म्हणून."

"आणि छप्पर?"

"विटा भिजू नयेत म्हणून."

"दार कशाला?"

"आत कोणी भलतंच शिरू नये म्हणून. पाडायचा असेल तर लेखी द्या, मुलींसमोर वाचून दाखवते."

साहेब मुलींकडे न बघता गाडीत जाऊन बसले. त्यांचा ड्रायव्हर मात्र रेंगाळला.

"ताई, माझ्या पोरीच्या शाळेत असा एक ढिगारा घालाल का?"