भरदुपारचा दिवा

फार फार वर्षांपूर्वी, झाडीपट्टीत वाघ बांधावर येऊन बसायचा, तेव्हाची गोष्ट. करमटोल्यात रैनी नावाची बाई होती. मोहाची दारू गाळावी तर रैनीनंच, असं म्हणतात. भट्टीची पहिली धार मात्र ती मातीत ओतून द्यायची. तिच्या आईनं बजावलं होतं, "ती भुईची. माणसाची नाही."

धाकटा भाऊ दसरू म्हणजे तिचा जीव की प्राण. आईमागं तिनंच वाढवलेला. त्याचं लग्न ठरलं नि पठ्ठ्या हट्टाला पेटला, "माझ्या लग्नात पहिल्या धारेचीच पाहिजे वो ताई!" जिभेला झोंबते ना, म्हणून पोरांना तिचंच अप्रूप. लाडक्या भावाला नाही कोण म्हणणार? रैनीनं महिनाभर एकवीस भट्ट्यांची पहिली धार एका मडक्यात साठवली. भुईचा वाटा भावाला दिला हो! वास नेहमीचाच, रंग पाण्यासारखा नितळ. विष काही सांगून येत नाही, बाबांनो.

हळदीच्या दिवशी दसरू नि त्याच्या सोबत्यांनी मडकं रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, ऐन मुहूर्ताला, दसरू मांडवात उभा राहिला नि म्हणाला, "अजून दिवे काऊन नाही लावले वो ताई? केवढा अंधार पडला!"

डोक्यावर सूर्य तळपत होता. वाजंत्री थांबली. रैनीनं दिवा लावला नि त्याच्यापुढं धरला. त्यानं चाचपडत हात पुढं केला. हात पोळला, पण उजेड काही दिसला नाही.

त्याला पहिल्या बैलगाडीत घालून तिनं बारा कोसांवरच्या दवाखान्याकडं धाडलं नि स्वतः तोच दिवा घेऊन घरोघर धावली. "दिसतो का रे दिवा?" दिसतो म्हणणाऱ्यालाही सोडलं नाही. "प्यालास ना? मग चढ गाडीत!" वावटळ उठली, छपरं उडाली, पण दिवा विझला नाही, असं म्हणतात.

अकरा जण वाचले. दसरू वाटेतच गेला.

रैनीनं भट्टी फोडली नि दिवा घेऊन जंगलात शिरली, ती परत आली नाही. अजूनही दुपारी मोहाखाली एक ज्योत फिरते, असं म्हणतात. लोक तिकडं बघायलाही भितात.

करमटोल्यात पुन्हा भट्टी पेटली नाही. आणि आजही अक्षता पडण्याआधी नवरदेवाची बहीण लख्ख उन्हात त्याच्यापुढं दिवा धरते. "दिसतो का रे?" सगळा मांडव श्वास रोखून थांबतो. "दिसतो, ताई," असं तो म्हणाला, की मगच वाजंत्री वाजते.