शिंजिराची वाट

आधी पाय पांघरुणात घ्या बघू. घेतले? हं. तर काय झालं, एका डोंगराळ मुलखात मल्हारसेन नावाचा एक राजा होता. मनाने चांगला, पण हट्टी. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरलीच. त्याची राणी गोदावती, शहाणी बाई. आणि त्यांना एकच लेक, सगुणा. राजाचा सगळा जीव त्या लेकीत.

सगुणा मोठी झाली आणि तिचं लग्न झालं. तीन डोंगर ओलांडून पलीकडच्या राज्यात तिला दिली. ती निघाली तेव्हा राजा काही रडला नाही. वेशीपर्यंत पोचवायला गेला, आणि परत येताना त्याला धड वाट दिसेना, एवढंच.

त्या मुलखात एक रीत होती, बरं का. लेक सासरी गेली की तिचं बोलावणं आल्याशिवाय बापाने तिच्या उंबऱ्याला जायचं नाही, आणि बाप न्यायला आल्याशिवाय लेकीनेही माहेरी यायचं नाही. आणि बोलावणं आणायचं ते शिंजिराने. शिंजीर माहीत आहे ना? अंगठ्याएवढा पक्षी, जांभळा, चकचकीत, वाकड्या चोचीचा. लेकीने त्याच्या कानात निरोप सांगायचा आणि त्याने बापाच्या खिडकीत येऊन तो बोलायचा. माणसाच्या हाती आलेलं बोलावणं ती माणसं बोलावणंच धरायची नाहीत.

आता एवढासा जीव तीन डोंगर एका दमात कसा ओलांडणार? तो वाटेत फुलाफुलातला मध पीत यायचा. मध प्यायल्याशिवाय त्याला कंठ फुटायचा नाही. पण त्या वाटेवर मधाला तोटा नव्हता. श्रावणात तेरडा, भाद्रपदात सोनकी, दिवाळीला मुरुडशेंग, शिमग्याला धायटी. कुणी लावलेलं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. एक मिटलं की दुसरं उघडायचं. मधमाश्या, फुलपाखरं, बिया टिपणाऱ्या मुनिया, सगळ्यांची पोटं त्याच्यावर चालायची. आणि पोरांची मजा वेगळीच. तेरड्याचं पिकलेलं बोंड नुसतं चिमटीत धरलं की फट्कन फुटतं. सगुणा लहानपणी दिवसभर तेच करायची.

मग काय झालं, राजा एकदा सज्जात उभा होता. समोर डोंगर, डोंगरावर ती वाट. राजाच्या मनात आलं, माझी लेक पहिल्या माहेरपणाला येईल ती या झाडोऱ्यातून येईल होय? तिच्यासाठी वाट कशी सजलेली पाहिजे. त्याने परदेशच्या व्यापाऱ्यांना बोलावलं. परातीएवढी फुलं आली, शंभर पाकळ्यांची, लाल, पांढरी, केशरी. आणि हुकूम सुटला, तिन्ही डोंगरांवरचं तण मुळासकट उपटा.

राणी म्हणाली, "अहो, तण काय म्हणता? ती शिंजिराची वाट आहे."

राजा म्हणाला, "अगं, एवढ्याशा फुलात एवढासा मध. परातीएवढ्या फुलात परातभर मध असेल. पाखरं दुवा देतील मला."

हौसेला मोल नसतं, खरं आहे. पण हौसेला डोळे तरी असावेत की नाही? माणसं लागली कामाला. पहिला डोंगर साफ झाला, मग दुसरा, मग तिसरा. फक्त तिसऱ्या डोंगरावरच्या काळकाईच्या राईला कुणी हात लावला नाही. देवीच्या राईतली काडी मोडायची नसते ना.

वाट मोठी देखणी झाली. लांबलांबून माणसं बघायला यायची. राजा खूश. मग एके दिवशी मधमाश्यांची पोळी रिकामी दिसली. मग फुलपाखरं दिसेनाशी झाली. मग मुनियांचे थवे उडाले ते परत आलेच नाहीत. राजा रोज सज्जात बसायचा. फुलं डुलायची आणि कुठे कसला आवाज नसायचा. त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं, पण काय चुकलं ते कळायचं नाही.

एक वर्ष गेलं. लेकीचं बोलावणं नाही. राणी म्हणाली, "अहो, एक माणूस धाडून बघू या का?"

"रीत मोडू होय?" राजा म्हणाला. "तिला वाटेल तेव्हा ती बोलावील."

दुसरं वर्ष गेलं. राणीने पुन्हा विषय काढला. राजा रुसून बसला. "लेक सुखात रमली. बाप कशाला आठवेल तिला?"

तिसऱ्या वर्षी राणीने काहीच विचारलं नाही. ती नुसती त्याच्या शेजारी येऊन बसायची. आणि राजाने लेकीचं नाव घेणंच सोडलं. पोटात माया, आणि तोंडाला कुलूप. असली माणसं जवळच्यांना फार छळतात, आणि स्वतःला त्याहून जास्त.

मग शिमग्याच्या सुमारास एका सकाळी खिडकीत टप् असं काहीतरी पडलं. राजाने पाहिलं तर शिंजीर. पिसं विस्कटलेली, डोळे अर्धे मिटलेले. चोच उघडत होता, पण आवाज फुटत नव्हता.

राजाने त्याला ओंजळीत घेतलं आणि धावत बागेत गेला. लाल फुलाशी धरलं. शिंजिराने चोच घातली, नुसत्या पाकळ्याच पाकळ्या. पांढऱ्याशी धरलं. कोरडं. केशरी फुलाशी धरलं, त्यातही काही नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसली ती फुलं. तेव्हा कुठे राजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 

तो तसाच वाटेला लागला. राणी मागोमाग निघाली. पहिल्या डोंगरावर थेंबभर मध मिळाला नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्या डोंगरावर काळकाईच्या राईच्या कडेला धायटीचं एक झुडूप होतं, नखाएवढ्या लाल फुलांनी भरलेलं. राजाने ओंजळ पुढे केली. शिंजीर एक फूल प्याला, दुसरं प्याला, तिसरं प्याला. मग बोलला.

"राजा, पहिलं बोलावणं घेऊन माझा थोरला भाऊ निघाला होता. निरोप होता, बाबा, मला दिवस गेलेत, पहिलं बाळंतपण माहेरी असतं, न्यायला या. तो पहिल्या डोंगराच्या पायथ्याशी पडला. दुसरं बोलावणं माझ्या धाकट्या भावाकडे होतं. निरोप होता, बाबा, मुलगा झाला, निदान बारशाला या. तोही पडला. तिसरं बोलावणं माझ्याकडे आहे. ते एवढंच आहे. बाबा, तुम्ही आहात ना?"

 जी लेक विसरली म्हणून राजाने तीन वर्षं राग धरला, ती तिकडे दाराशी उभी राहून हाका मारत होती. आणि मधली वाट कुणी मोडली? त्याच्याच हातांनी, तिच्याच कौतुकापायी. राणी त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं राजाला वाटलं.

ती दोघं तशीच पुढे चालत गेली. सगुणाच्या अंगणात एक गोरागोमटा मुलगा मातीत खेळत होता. अनोळखी माणसं दिसल्यावर तो तुळशीमागे लपला.

राजा खाली वाकला. "बाळ, तुझं नाव काय?"

मुलगा ठसक्यात म्हणाला, "मल्हारसेन."

राजाला काही कळेना. आवाज ऐकून सगुणा बाहेर आली. बापाला बघून तिच्या हातातली परडी खाली पडली.  

"जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत, बाबा," ती म्हणाली. "दोनदा बोलावलं, तुम्ही आला नाहीत. बाबा असते तर आलेच असते, असं वाटलं मला. तुमचं नाव तरी घरात राहू दे म्हटलं. तरी मन ऐकेना, म्हणून तिसऱ्यांदा विचारलं."

मग राजा रडला. उघड्यावर, लेकीच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत. आणि नातू तुळशीमागून बघत राहिला, हा एवढा मोठा माणूस का रडतोय म्हणून.

परत येताना लेकीच्या घरचा रथ राजाने घेतला नाही. राईच्या कडेने बी गोळा केलं, आणि गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हाताने तिन्ही डोंगरांवर टाकत गेला. पुढल्या श्रावणात थोडा तेरडा आला. त्याच्या पुढल्या वर्षी सोनकी. धायटीला बरीच वर्षं लागली. मग मधमाश्या आल्या, फुलपाखरं आली, मुनिया आल्या. शिंजीर आले. लेक माहेरी येऊ लागली, राजा बोलावण्याशिवायही जाऊ लागला. सगळी सुखात राहिली.

पण कसं आहे ना बाळांनो, बी टाकलं की फूल येतं. ती तीन वर्षं काही उगवून आली नाहीत. सगुणा अंगणात येऊन "मल्हार, घरी ये" अशी हाक मारायची, आणि नातू धावत जायचा. राजा ओसरीवर बसलेला असायचा. ते नाव लेकीच्या तोंडून ऐकलं की तो दर वेळी मान खाली घालायचा.

झाली गोष्ट. चला, आता डोळे मिटा. उद्या मागच्या बांधावर तेरडा दाखवते तुम्हाला, पण उपटायचा नाही हं. झोपा.