फोनजवळची अंगाई

तारेवाचून फोटो-गाणी पाठवायची सोय नवी होती, तेव्हाची गोष्ट. नलूताईंच्या जुन्या फोनजवळ त्यांच्या वारलेल्या आईच्या आवाजात साठवलेली अंगाई होती. ताई ती कॉम्प्युटरला पाठवू लागल्या, की फोन घाबरून मध्येच जोडणी तोडायचा. देऊन टाकली तर आपल्याकडे काय उरणार?

“अरे वेड्या, मला दिलीस तरी ती तुझ्याकडेही राहते,” कॉम्प्युटरने समजावलं.

फोनने जीव मुठीत धरून अंगाई पाठवली. मग आत डोकावून पाहिलं, तर ती जागच्या जागी!

पुढे फोनची बॅटरी पार थकली. “दादा, आता माझ्याच्याने गाववत नाही,” तो पुटपुटला.

कॉम्प्युटरने हलक्या आवाजात तीच अंगाई लावली, आणि ऐकता ऐकता फोन झोपी गेला.